सात नंबरची रेघ

नारिनमधल्या या खोलीत हीटर एकाच बाजूनं तापतो.
माझा डावा खांदा जूनमध्ये, उजवा मार्चमध्ये.
समोर पडद्यावर अकरा रेघा,
हिमनदीच्या पोटात सोडलेल्या अकरा तापमापकांच्या.
दर दहा मिनिटांनी एकेक ठिपका.

हा डॅशबोर्ड आम्हाला कुणी विकलेला नाही.
कुणीतरी लिहून उघड्यावर ठेवला,
खिंडीतल्या झोपडीत पुढच्या वाटसरूसाठी
मीठ, काडेपेटी ठेवून जावं तसा.
गेल्या हिवाळ्यात त्याचं घड्याळ सहा तास मागे पडलं,
आमची पहाट आलेखात मध्यरात्री उगवायची.
मी मोडक्या इंग्रजीत तक्रार लिहिली.
दुरुस्ती आली दोन दिवसांनी,
मॉन्टेव्हिडिओच्या कुणा फाउस्तिनाकडून.
तिनं हिमनदी पाहिलीये का, विचारायचं राहून गेलं.

भोकं पाडली असानकान-बाइकेंनी, वाफेच्या नळीनं.
प्रत्येक तापमापक दोरीला गाठ मारून आत सोडला,
विहिरीत कळशी सोडावी तसा, कान देऊन.
सात नंबर तीन मीटर खोल.
चार वर्षं त्याची रेघ सरळ.
उणे दोन पूर्णांक एक.
ना दिवस ठाऊक, ना रात्र.

सोमवारी ती हलली.
दुपारी जराशी वर, रात्री जराशी खाली.
मंगळवारी आणखी.
गुरुवारी तर छाती भरून श्वास घेतल्यासारखी.
एलदियार नवा आहे, तो ओरडला,
"एजे, सात नंबर जागा झाला!"
त्याला काय सांगू?
बर्फात होता तोवर त्याला ऊन कळत नव्हतं.

बाइकेंना फोन लावला. ते वर कुरणात.
रेघ कशी दिसते, त्यांनी विचारलं.
मी सांगितलं.
मग बराच वेळ मेंढ्याच बोलल्या.
शेवटी म्हणाले, दोरी उघडी पडली असेल,
कोल्ह्यानं कुरतडायच्या आत कुणाला तरी पाठव.
गाठ सुटली नसेल बघ.

सेटिंग उघडलं. नाव बदलायचं होतं.
जुना शब्द खोडायच्या आधीच नवा लिहून बसले:
सात, बर्फ हवा, तीन मीटर.
कर्सर लुकलुकत राहिला.
चहा गार होईपर्यंत मी ते तसंच ठेवलं.

आठ नंबर अजून सरळ आहे, चार मीटरवर.
त्याला घंटा लावली,
आणि आवाज थोडा कमी केला.