किटली

तू विचारलंस, कुठले जपानी सिनेमे बघू, नावं पाठव.
नावं राहत नाहीत गं माझ्याकडे.
पिळगावच्या वाचनालयात दर गुरुवारी
पांढऱ्या चादरीवर लावतो आम्ही एकेक,
मी बाजूला स्टुलावर बसून
खालच्या इंग्रजी ओळी वाचून सांगते
अर्ध्या मराठीत, अर्ध्या कोकणीत.
पुढच्या रांगेत कुणालाच इंग्रजी येत नाही,
आणि दुर्पदाबाईंना तर चष्म्यातूनही चादर दिसत नाही,
त्या नुसत्या ऐकायला येतात.

तर तो बघ, ज्यात म्हातारा न्हावी
दुकान बंद करायच्या दिवशी
पहिल्यांदाच स्वतः खुर्चीत बसतो.
पाऊण तास फक्त कात्री.
आणि तो, ज्यात घर विकल्यावर दोघी बहिणी
लोणच्याची बरणी कुणी न्यायची यावरून भांडतात
आणि बरणी तिथेच राहते.
(दुर्पदाबाई म्हणाल्या, खरं आहे.)
मालिका हवी तर हरवलेल्या छत्र्या सांभाळणाऱ्या
एका स्टेशनातल्या कारकुनाची आहे.
नवव्या भागापर्यंत काहीही घडत नाही.
घाई करू नकोस.

पण मला सांगायचंय ते सगुणचं.
सगुण तांडेल, चौतीस वर्षं बार्जवर.
सारमानसच्या जेटीवर लाल माती भरायची,
मांडवीतून मुरगावला न्यायची,
तिथे जपानी बोटी तोंड उघडून उभ्या.
त्याला सिनेमातली माणसं दिसतच नाहीत.
रडणाऱ्या बाईच्या मागचा रेल्वेपूल दिसतो,
पत्र्याची पेटी, सायकलची साखळी,
लोखंड दिसतं.

एका गुरुवारी एक किटली होती.
बिडाची, काळी,
निखाऱ्यांवर हळूहळू वाफ सोडत बसलेली.
मुलगी बापाला सांगत होती
की ती आता या घरात परत येणार नाही.
ओळ वाचायला मी तोंड उघडलं
आणि सगुण उठून उभा राहिला,
डोक्याची सावली थेट बापाच्या तोंडावर.
"आमचो दोंगर गे तो!"

हसले सगळे. मारियानोही हसला,
जो टोंकाहून फेरीबोटीने येतो
आणि शेवटची फेरी चुकेल म्हणून
ज्याने एकाही सिनेमाचा शेवट बघितलेला नाही.
मग हसता हसता थांबला.
त्याने ट्रक चालवलाय त्या डोंगरावर.
आता तिथे हिरव्या पाण्याचा खड्डा आहे,
काठावर पाटी, उतरू नये,
आणि पाटीवर बसायला एक खंड्या.

घरी येऊन मी साल बघितलं.
सिनेमा निघाला तेव्हा
आमच्या डोंगराला कुदळही लागली नव्हती.
सगुणला सांगितलं नाही.
तुला सांगतेय, तूही कुणाला सांगू नकोस.

आणखी एक.
या सिनेमांतली माणसं घराबाहेर पडताना
रोज एक शब्द म्हणतात,
त्याचा अर्थ सरळ "जाऊन येते".
तेवढ्या एका जागी मला शोधावं लागत नाही,
आपल्या उंबऱ्यावरचाच शब्द आहे तो.
आणि परत आली की दारातून म्हणतात, "आले."
म्हणजे गेलेलं परत येतं, निदान सिनेमात.

पुढच्या गुरुवारी कुठलंसं दार सरकलं,
दप्तर घेतलेली पोर काहीतरी पुटपुटली,
मला ओळ सापडायच्या आत
दुर्पदाबाई, ज्यांना चादरही दिसत नाही,
अंधारातून म्हणाल्या,
"आयलें गो? पांय धू आदीं."

सगुण त्या दिवशीही
पोरीच्या मागच्या कडीकडे बघत होता.

तो बघच.
नाव विचारून कळवते.