चार मिलिमीटर

जानेवारीपासून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
एक विमान बसून होतं, बिननाकाचं.
त्याच्या पंखाखाली सरकवून मी ताटं मांडायची,
खसखस पेरलेल्या शेवया वाढायची,
आणि जेवताना व्रातिस्लाव बघायचा
इंजिनाच्या चार बोल्टांकडे.

बाहेर मोराव्हियातला बर्फ.
साखर कारखान्याचे बॉयलर ज्याने चाळीस वर्षं सांभाळले
तो माणूस मुठीएवढ्या इंजिनापुढे
हात टेकून बसलेला.

“उलटं बसवायचं,” तो मला सांगायचा,
“डोकं खाली. तरच नाक झ्लिनसारखं निमुळतं दिसेल,
शाळेत असताना कुंपणावर चढून
आम्ही बघायचो, त्या झ्लिनसारखं.”
इंजिन उलटं बसलं.
नाकावरचं टोपणही बसलं, बेताचं, सुरेख.
मग त्याने मफलर लावला.

मफलर म्हटल्यावर मी त्याच्या गळ्याकडे पाहिलं.
तो लाल लोकरीचा मी विणलेला,
कुठेही बसतो, कसाही.
हा ॲल्युमिनियमचा, ओठ आवळलेला,
चार मिलिमीटर बाहेर.
“काढून टाक की.”
“मग हिनेक पोलीस बोलावेल.”
कुरणाला लागून हिनेकच्या मधमाश्यांच्या पेट्या.
मागच्या उन्हाळ्यात आवाजाने माश्या रुसल्या म्हणे.
माश्या रुसल्या की हिनेक,
हे विचारायला कोणी गेलं नाही.

फेब्रुवारी सगळा कानशीत गेला.
मफलरची कड घासली.
इंजिन एक वॉशर मागे घेतलं,
तर पंखा टोपणाला खरचटू लागला.
एक वॉशर पुढे.
रात्री अडीचला पाणी प्यायला उठले तर
हा दिव्याखाली, टोपणात एक डोळा घालून,
विहिरीत पडलेली बादली शोधावी तसा.

शेवटी भोकं पाडायचं ठरलं.
एक मफलरच्या फुगवट्याला, एक प्लगला,
एक त्या बारक्या सुईला, जिने इंधन कमीजास्त होतं.
पण पाडायची कुठे?
टोपण चढवलं की आतलं दिसत नाही,
आणि दिसतं तेव्हा टोपण हातात असतं.
पहिलं टोपण त्याने अंदाजाने कोरलं.
त्यात आता माझी बटणं असतात.

तेव्हा मी शिवणाच्या कपाटातून
बेतायचा कागद काढला.
एकोणतीस वर्षं मी परक्या खांद्यांना बाह्या लावल्या,
सुई कुठे येते ते मला कोणी शिकवायला नको.
कागद धडाला चिकटवला, पुढचं टोक मोकळं.
सुईच्या जागी कागदाला भोक.
कागद मागे दुमडला, टोपण चढवलं,
कागद परत पुढे आणला, टोपणावरून.
पेन्सिल दिली त्याच्या हातात.

व्रातिस्लावने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
मग स्लिवोवित्सची बाटली आणि दोन पेले.
“द्राहोमीरा,” एवढंच म्हणाला,
आणि जरा वेळाने,
“खालून मोठी फट ठेवावी लागेल.
जेवढी हवा आत, त्याच्या दुप्पट वाट बाहेर जायला.
तापली की फुगते ना.
नाहीतर वर गेल्यावर गुदमरतं.”
मी म्हटलं, ठेव.

एप्रिलमध्ये कुरणावर.
इंजिन खोकलं, थांबलं.
डोकं खाली, त्यामुळे इंधन सगळं प्लगपाशी;
टोपण काढा, प्लग पुसा, टोपण लावा.
पाच स्क्रू, त्यातला एक गवतात हरवला,
तो हिनेकला सापडला,
डोक्यावर जाळी तशीच, चेहरा दिसेना.
तिसऱ्या वेळी इंजिन लागलं.
मी गुडघ्यांवर, दोन्ही हातांनी शेपटी धरून;
थरथर कोपरापर्यंत येत होती,
दातांपर्यंत.

“सोड!” व्रातिस्लाव ओरडला.
इतकं ओरडायचं काही कारण नव्हतं.
मला सगळं ऐकू येत होतं,
हिनेकच्या माश्यासुद्धा.