तोंडाला काम

चौथ्या कप्प्यात आज पुन्हा एक शेपटी कुरतडलेली.
बिर्ते वहीत लिहिते: अठरा डुकरं, एक जखमी.
मग पेन्सिल थांबवून विचारते,
"दोरू, ही एकमेकांना का खातात?"

मला डॅनिश येतं ते आकड्यांपुरतं.
मी बोटानं दाखवतो: जमीन.
मग अठरा.
मग खाद्याची नळी, तिच्यातलं बारीक पीठ
पाच मिनिटांत चाटूनपुसून साफ,
आणि मागे उरलेला हा लांबच लांब दिवस,
ज्यात तोंडाला काही कामच नाही.

मंगळवारी तिनं चार डुकरं दुसरीकडे हलवली.
उरलेल्यांपुढे पेंढा टाकला,
खाद्यात बीटचा चोथा, ओटची जाडी भरड.
आधी सगळी भिंतीला चिकटली.
मग एकानं नाक खुपसलं,
आणि कप्पाभर खसफस सुरू झाली,
जणू कोणी जुनी पत्रं शोधतंय.

तीन आठवड्यांनी काटा म्हणाला,
रोजची वाढ साठ ग्रॅम जास्त.
खोकला कमी. शेपट्या शाबूत.
बिर्तेनं आकड्याभोवती गोल काढला, दोनदा,
तरी कपाळावरची आठी तशीच.
कत्तलखान्याचा ट्रक डोकी मोजतो,
मोकळी जागा मोजत नाही.

रात्री कंटेनरमध्ये आम्ही सहाजण.
वरच्या बाकड्यावर पेत्रू झोपेत दात खातो,
करकर, करकर.
पोटात कालचीच मॅकरोनी.
मी उठतो, खिडकी बोटभर उघडतो,
कॉलरमध्ये अडकलेली पेंढ्याची काडी काढतो
आणि अंधारात
चघळत बसतो.