चतुःसीमा

फेरीबोटीचा दोर सोडता सोडता फेरमीननं विचारलं,
"कसं काय तुमचं लिस्बन?"
"चढ फार," म्हटलं. "गुडघे गेले."
तेवढ्यात दिवाडीचा धक्का आला.
मांडवी इथं चार मिनिटांची,
तिच्यात नऊ दिवस मावत नाहीत.

एकतीस वर्षं पणजीच्या कचेरीत
पोर्तुगीज दस्त वाचले.
अर्धे वाळवीनं खाल्ले, उरलेले मी.
कुणाचा माड कुणाच्या कुळागरात झुकला,
खाजनातल्या मानशीचं दार कुणी दुरुस्त करायचं,
विधवेला वर्षाला किती नारळ,
हे सगळं मला त्या भाषेत येतं.
एक कप कॉफी मागता येत नाही
हे तिथं पोचल्यावर कळलं.
"उपरोक्त पेय, साखरेविना," असं काहीसं म्हणालो मी.
काउंटरवरचा पोरगा बघत राहिला,
खापरपणजोबा दारात उभा असल्यासारखा.

प्रफुल्लाचं बरं होतं.
तिला भाषाच येत नाही, म्हणून ती सगळ्यांशी बोलली.
मराठीत बटाटा मागितला, बटाटा मिळाला.
अननस मागितला, तोही.
"आपलीच माणसं दिसतात," म्हणाली.
मग एका गल्ल्यावरची पाटी तिनं अक्षर अक्षर लावून वाचली: पगार.
माझा दंड धरून कुजबुजली,
"इथं पगार विचारतात हो.
पेन्शन सांगा. निम्मीच सांगा."

पिवळी ट्राम भिंतीला इतकी घसटून जाते
की हात बाहेर काढून
कुणाच्याही ओट्यावरचं मीठ उचलावं.
घरांना बाहेरून निळ्या फरशा,
आतली बशी-भांडी भिंतीवर मांडून ठेवल्यासारख्या.
चौथ्या मजल्यावरची चादर माझ्या टकलावर ठिबकली.
कुठंतरी तारले भाजत होते;
मी सवयीनं पायाशी मांजर शोधलं.
आणि नदी! मांडवीचीच
बढतीवर बदली झाली असावी, अशी.

दस्तांच्या माथ्यावर ज्या शहराचं नाव,
तिथून हुकूम सुटायचे कुठून, तेही पाहून घेतलं.
मोठी कमान आहे.
तिच्याखाली एक मुलगी
बूट काढून पायाचे फोड मोजत बसली होती.

आठव्या दिवशी, चढावरच्या बाकावर,
दोना अल्झिरानं विचारलं, कोण तुम्ही, कुठले?
घाबरून तोंडातून निघालं ते पाठ झालेलं:
"मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, विवाहित,
राहणार दिवाडी. माझ्या घरास
पूर्वेस बांध, पश्चिमेस सार्वजनिक वाट,
उत्तरेस देवस्थानची जमीन, दक्षिणेस पाणी."

ती हसली नाही.
काठीवर दोन्ही हात ठेवून चढाकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"पूर्वेस लक्झेंबर्गमधला मुलगा.
पश्चिमेस नदी.
उत्तरेस अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, आता चढवत नाहीत,
आणि त्यांच्यावर माझं घर.
दक्षिणेस..."
तिथं तिनं जागा कोरी सोडली.
मी त्या बाजूला बसलो होतो.

प्रफुल्लानं काही न विचारता तिची पिशवी उचलली.
पिशवीत कोबी होता, आणि पाव.
वर जायला आम्हा तिघांना पाऊण तास लागला.
गुडघे गेले म्हणतो, ते हे.

दाबोळीला उतरून खिसे चाचपले
तर भाड्याच्या खोलीची चावी माझ्याकडेच.
आज पोस्टात आलोय, ती परत पाठवायला.
फॉर्मवर "आत काय आहे?" च्या रकान्यात
मी त्यांच्या लिपीत, त्यांच्या भाषेत लिहिलं.
खिडकीतली सुलक्षा चष्मा वर करून वाचते:
"चावे? भाऊ, कोण चावलं?"

"शहर," म्हटलं.

तिनं पाकीट काट्यावर टाकलं.
त्रेचाळीस ग्रॅम.