दीड दिवसाचं बुडापेस्ट

शनिवारी सकाळी साडेआठला बोगुमिला केलेती स्टेशनवर उतरणार,
रविवारी संध्याकाळी सातला परत गाडीत.
साडेचौतीस तास.
झोपेचे आठ वजा. तिच्या गोळ्या, माझा चष्मा शोधणं
यांचे आणखी दोन.
उरलेल्यात नदीच्या दोन्ही काठांचं शहर कोंबायचंय,
आटलेल्या अभ्र्यात उशी कोंबावी तसं.

तिला मी कधी पाहिलेलं नाही.
सातवीत बाईंनी पत्ते वाटले,
माझ्या वाट्याला ग्दान्स्क आलं.
बावन्न वर्षं लिहितोय आम्ही, रशियनमध्ये;
ती तिची नाही, माझी नाही,
शाळेनं दोघींच्या गळ्यात मारलेली.
आता इतकी चुकीची रशियन
जगात आमच्या दोघींपुरतीच उरली असेल.
नवरे गेले, तेही आम्ही चुकीच्या विभक्तीत कळवलं.

मार्चमध्ये तिचं पत्र आलं: येते.
उजवा गुडघा नवा आहे,
डावा त्याच्यावर जळतो.

लायब्ररीतून प्रवासाचं पुस्तक आणलं.
प्रत्येक जागेपुढे तारे होते, एक, दोन, तीन.
बाकांबद्दल एक अक्षर नव्हतं.

म्हणून मंगळवारी मी स्वतःच निघाले.
तिच्याइतकं हळू चालता यावं म्हणून
उजव्या बुटात पुठ्ठ्याची घडी घातली.
दोन नंबरच्या ट्रामपासून संसदेपर्यंत बाक चार,
त्यातला एक कबुतरांच्या मालकीचा.
साखळी पुलावर एकही नाही;
सिंह आहेत, पण फार उंचावर,
टेकायच्या कामाचे नाहीत.
बाझिलिकेचा घुमट रद्द. खालून पाहिला तरी तो घुमटच.
किल्ल्यावर सोळा नंबरची बस जाते,
ड्रायव्हर बरा वाटला, पूर्ण थांबतो.
गरम पाण्याच्या हौदाला कठडा आहे.
पण पोहायचा पोशाख घेऊन ये, हे कळवायचं कसं?
तो शब्द आम्हाला शिकवलाच नव्हता.
ट्रॅक्टर शिकवला होता.

चाळीस वर्षं याच रस्त्यांवरून
पोस्टाची थैली घेऊन पळत होते मी.
पत्ते पाहिले, घरं पाहिली नाहीत.
आमच्याच गल्लीत, बावीस नंबरवर,
एक दगडी बाई बाल्कनी डोक्यावर घेऊन उभी आहे.
नाक उडालंय तिचं.
छप्पन्न सालची गोळी की नुसता पाऊस, कुणास ठाऊक.
तिच्याखालूनच मी रोज दूध आणते.

संसदेपाशी एका पोरानं खुणेनंच विचारलं,
फोटो काढू का तुमचा?
मी लंगडत होते, हातात नकाशा होता,
त्याची काय चूक.
उभी राहिले, केस मागे सारले.
कुठून आलात?
ग्दान्स्क, म्हणाले मी.
तोंडातून निघून गेलं.
आणि कसं वाटलं शहर?
हे आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं.
मी नुसती मान हलवली,
समजलं नसल्यासारखी.

रात्री वही पूर्ण केली.
रविवारी तीन ते पाच मोकळं ठेवलंय.
आधी तिथे संग्रहालय होतं, मग केक,
मग दोन्ही खोडले.
दोन तास एकमेकींसमोर बसलो
आणि बोलायला रशियन पुरली नाही तर?
कागदावर चुका दिसतात, खोडता येतात.

स्टेशनवर ओळखू कशी, असं मी विचारलं होतं.
तिच्याकडे माझा एकच फोटो आहे, लग्नातला.
काल तिचं कार्ड आलं:
उतरल्यावर पहिला बाक दिसेल, त्यावर बसलेली असेन.

आज संध्याकाळी जाऊन आले.
त्या फलाटाच्या तोंडाशी एकच बाक आहे, लाकडी,
आणि तो डुगडुगतो.
खाली वाकले, बूट काढला,
पुठ्ठ्याची घडी त्याच्या आखूड पायाखाली सरकवली.
बसून पाहिलं.
अजून किंचित हलतोय.
उद्या आणखी एक घडी घेऊन येईन.