माया

नऊ वर्षांचा असताना बापाची कोळशाची इस्त्री
डाव्या नडगीवर पडली, तेव्हाचा व्रण.
सत्तेचाळीस वर्षं गप्प होता.

आखाडात कधीतरी तिथं चिरलं.
पायडल घासलं असेल, मी हळद भरली.
मग दिवाळीचे ब्लाउज आले.
संक्रांतीला काजं करता करता परवीन म्हणाली,
"मामा, हे भरत का नाही?"

रास्ता पेठेत पॉवर हाऊसच्या मागे माझं दुकान.
तिथून दवाखाना चालत सात मिनिटं.
मी सहा महिने लावले.

तांबोळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी धरली. अठ्ठावीस मिलिमीटर.
मनात म्हटलं, एक इंच, एक सूत.
तुकडा तपासून आल्यावर त्या बोलल्या:
जुन्या भाजल्यावर उगवलाय, हे एक.
दोन सेंटिमीटरच्या वर आहे.
खोल किती, नसेच्या कडेनं सरकलाय का, ते काढल्यावर कळेल.
जांघेत दाबून पाहिलं, सोनोग्राफी लिहिली.
"जोखमीचा आहे, हेंद्रे.
म्हणजे मराल असं नाही.
म्हणजे कंजूषपणे कापून चालणार नाही."

"माया किती धरणार?" मी विचारलं.
त्या थबकल्या.
म्हटलं, शिवणीच्या बाहेर ठेवतो ती,
उद्या अंग भरलं तर उसवायला.
"हां, माया," त्या हसल्या.
"एक सेंटिमीटर. चहूबाजूंनी. आणि खालूनही."

निळ्या पेनानं गोल आखला.
हात बरा होता, खडूचा हात असाच लागतो.
पण आयुष्यभर मी माया आत ठेवली,
गिऱ्हाइकाच्या उद्याच्या अंगासाठी.
इथं ती कापून न्यायची:
चांगलं कातडं, माझं, कधीच न दुखलेलं.

मांडीचं ठिगळ नडगीवर बसलं.
पट्टी सुटली त्या दिवशी टाके मोजले.
एका कोपऱ्यात चुणी आहे.
सिंधूला दाखवली तर ती रडायला लागली.
मी चुणीबद्दल बोलत होतो.

रिपोर्टात, कडा मोकळ्या. नस मोकळी.
तरी दर तीन महिन्यांनी यायचं,
आणि मधल्या दिवसांत आपली जांघ आपण चाचपायची.

चाचपतो. शटर वर करायच्या आधी,
मोरीत, दार लावून.
बोटांना अस्तराखालची गाठ कळते, ही तर कातडीच.
आज नाही.
मग टेप गळ्यात घालतो.

काल एक नवरी आली. म्हणाली,
काका, आत माया नको, कापड फुगतं.
बरं म्हटलं.
अर्धा इंच ठेवली.