उरलेली छत्तीस

बारा ब्लँकेटं होती. लाल,
कडेला काळ्या दोऱ्यानं दवाखान्याचं नाव.
डिसेंबरात, वॉर्ड कुडकुडत असताना,
मी ती गड्डीगोदामात एका माणसाला विकली,
आणि मेट्रनबाईंनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणालो:
चावी दुर्पताबाईकडेपण असते.

वाक्य खरं होतं.
शब्द न् शब्द तपासा, खोटं सापडणार नाही.
एकोणतीस वर्षं मीही तेच करत आलो.

पाळक सातपुते म्हणाले, आमोसभाऊ,
तुम्ही कबूल केलंत, ते आता समुद्राच्या तळाशी गेलं.
नागपूरला समुद्र नाही, पाळकसाहेब.
इथं फुटाळ्यात टाकलेलं उन्हाळ्यात वर येतं.
आणि मला सांगा,
ज्याचं काही गेलंच नाही
त्यानं माफ केलं म्हणजे नेमकं काय केलं?

ते रागावले नाहीत. चहा गार होऊ दिला. मग म्हणाले,
तिचं जे गेलं, ते त्याचंच गेलं.
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.
फक्त एवढं कळलं, की त्याच्याकडे मी
रोज रात्री गुडघ्यांवर जात होतो
आणि इंदोऱ्याला एकदाही नाही.
सदरवरून शेअर ऑटोनं वीस मिनिटं.

झाडावरून उतरलेल्या त्या ठेंगण्या जकातदाराचा हिशेब
रविवारच्या शाळेपासून पाठ: लुबाडलेलं चौपट परत.
बारा चोक अठ्ठेचाळीस.
पेन्शनीतून, गांधीबागेतल्या ठोक दुकानातून
अठ्ठेचाळीस ब्लँकेटं दोन ई-रिक्षांत कोंबून
दहा नंबर पुलियावरून नेली.
मार्च महिना. लोक बघत होते.
मला ते बघणं थोडं आवडलंही, हे लिहून ठेवतो.

दुर्पता गजभिये दारात लसूण सोलत होती.
तिनं मला लगेच ओळखलं,
एवढी एकच गोष्ट मी धरून चाललो नव्हतो.
ढिगाकडे बघून म्हणाली,
"म्या कधी मांगतले होते ब्लँकेट?"

मग, हात न थांबवता:
"पोरीचा फारम नर्सिंगच्या शाळेनं वापस केला.
चोट्टीची पोरगी म्हनून.
आता पन्नाशीले आली, लग्नाच्या हालात भांडे घासते.
त्याचे चौपट किती होते, सांगा.
तुमी तं शिकेल मानूस."

मी माफी हा शब्द काढला.
"ते तुमच्या देवाची खिडकी. तिकडंच मांगा.
मले माह्यं नाव पायजे.
ज्याइच्यासमोर नेलं, त्याइच्यासमोर आनून द्या."

कागद माझ्याकडे होता, ब्लँकेटांच्या पावतीचा.
त्याच्या पाठीवर तिनं पाच नावं सांगितली,
एकही न अडखळता.
"आन् यातले बारा दवाखान्यात देजा.
ते बिमाराइचे होते.
बाकीचे तुमच्या हौसेचे."

पाचांतली तिघं जरीपटक्याच्या कबरस्तानात.
मेट्रनबाईंच्या दगडापुढे मी मोठ्यानं बोललो:
ब्लँकेटं मी विकली, दुर्पतानं नाही.
माळ्यानं पाण्याचा पाइप खाली ठेवला,
मला वाटतं, तेवढाच एक साक्षीदार.
चौथे इलमकर कंपाउंडर, मोहननगरला.
म्हणाले, जाऊ दे रे, कोणाला आठवतंय आता?
तिला, मी म्हटलं.
त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

पाचव्या रिबेका सिस्टर, गोंदियात मुलाकडे.
पोटच्या पोरालाही ओळखत नाहीत म्हणे.
काका, काय उपयोग, तो फोनवर विचारत होता.
मी उद्याचं तिकीट काढलंय.

कूलर घरघरतोय, पारा सेहेचाळीस.
दिवाणावर, दिवाणाखाली, कपाटाच्या डोक्यावर
छत्तीस ब्लँकेटं. बायको म्हणते, वाटून टाका.
मे महिन्यात, या गावात,
कोण घेणार माझ्या हातून ऊब?
असू दे, म्हटलं,
आणि ढिगालाच पाठ टेकून बसलो.
घाम येतो. येऊ दे.